सुलभाताईंचे पाय

भाईंदर पूर्व, मंगळवार, जानेवारी २००७

आज सुलभाताई उठताना तोल जाऊन पडल्या. माझ्या शेजारीच बसतात, दागिन्यांवर खडे चिकटवायला. गोडदेवच्या जुन्या कारखान्यात पाण्यासाठी अंगण ओलांडावं लागायचं. या नव्या गाळ्यात पाणी, माल, सगळं हाताशी आणि चालायच्या वाटेत खोकी रचलेली. दिवसभर उठणंच होत नाही. त्यांचे पाय केवढे सुजलेत.

मी शेठना म्हटलं, "खोकी हटवा, आम्हाला चालायला जागा पाहिजे."

ते म्हणाले, "बैठके तो काम है, तकलीफ क्या?"

सुलभाताई माझा हात धरून उठल्या आणि एक खोकं ढकलायला लागल्या. मग आम्ही सगळ्याच उठलो. खोकी भिंतीला लावून वाट मोकळी केली.

उद्या शेठ कामावर घेतील का? माहीत नाही. सुलभाताई मात्र त्याच पायांनी दारापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि पुन्हा गेल्या.