बेटावरची आखाजी

आबा, या वर्षी तुमची घागर भरली गेली नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. दरवर्षीप्रमाणे आखाजीच्या सकाळी येऊन तुम्ही ओट्यावर बसला असाल, दाराला कुलूप बघून शेजारी चौकशीही केली असेल, आणि शेजारच्यांनी सांगितलं असेल, "ते बठ्ठे चौघं अंदमानले गेले." अंदमान म्हटल्यावर तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असेल तेही मला माहीत आहे. "कोन्या गुन्ह्यात?"

गुन्हा तुमच्या मुलाचा, माझ्या धाकट्या भावाचा. मी नुसती सोबतीला गेले. आता जगभर लोक सुट्टीला बेटावर जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यासाठी आखाजीच सापडावी? बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी अक्षय्य तृतीया म्हणून सोनाराच्या दुकानात गर्दी करतो. आपण खानदेशातले लोक पितरांना पाणी देतो आणि लेकींना झोका. वर्षातून एकदा सासरहून निघायचं, माहेरी पुरणपोळी-रस खायचा, निंबाला टांगून घ्यायचं आणि गल्लीतल्या पोरींना ऐकू जाईल अशी गाणी म्हणायची. एवढीच काय ती आमची इस्टेट, आणि तीही तुमच्या मुलाने विमानतळावर जमा केली.

तुमच्या वेळी लेकीला न्यायला मुराळी यायचा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तुम्ही स्वतः धुळ्याला आला होतात. एसटीच्या धुळीने टोपीचा रंग बदललेला, हातात पिशवी. सासूबाईंनी चहा दिला तो तुम्ही उभ्यानेच प्यायलात, कारण परतीची गाडी चुकेल ही धास्ती. बसमध्ये खिडकीशी मला बसवून तुम्ही पिशवी उघडली आणि आतला नवाकोरा जाड दोर दाखवलात. "जुना घासला होता. तू आता जड झाली असशीन." लग्न झालेल्या लेकीला बाप साडी घेतो, बांगड्या भरतो. तुम्ही दोर घेतला होता. शेजारची बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती अजून आठवते. तिला वाटलं, पोरीला बांधूनच नेतोय.

या वर्षी मुराळी म्हणून मोबाईलवर तिकिटं आली. मागोमाग तुमच्या मुलाचा फोन. "अक्का, या आखाजीले आपन चौघं अंदमान! तू, दाजी, मी आन् ही. नही म्हनायचं नही, पैसे भरून झाले."

"आणि आबांची घागर?"

"तिथं भरू ना. चहूकडे पानीच पानी हाय."

"खारं आहे रे ते."

"मंग बाटलीचं आनू. अक्का, तू मास्तरीन असून असं काय करते? आत्म्याले काय तिकीट लागते?"

"तिकीट नसेल लागत. पत्ता तर लागतो ना?"

यावर तो हसला. तो हसला की विषय संपला, ही त्याची लहानपणापासूनची पद्धत आहे, आणि ती तुम्ही चालवून घेतलीत म्हणून आज आम्ही सगळे भोगतोय.

तुम्ही म्हणाल, तो नाही भरत तर तू भरायची होतीस. नाही, तुम्ही नाही म्हणणार. तुम्हीच तर बंदी घालून गेलात. मी अकराएक वर्षांची असेन. स्वयंपाकघरात पुरण शिजतंय, आई पाट्यावर बसलेली आहे, सांजोऱ्यांच्या तुपाचा वास घरभर आहे, आणि तुम्ही देवळीखाली बसून तुमच्या बापाची घागर भरताय. वर डांगर ठेवलंय, माझ्या पुस्तकातलं खरबूज, पिकून पिवळंधमक. मी तांब्या घेऊन तुमच्याजवळ आले आणि म्हणाले, मी भरू का? तुम्ही वर न बघता म्हणालात, "पोरीनं भरेल घागर पोचत नही." मी विचारलं, का? तर म्हणालात, "तू दुसऱ्याच्या घरची." मी तोवर कुणाच्याच घरी गेले नव्हते हो आबा. शाळेतसुद्धा आईने ढकलल्याशिवाय जात नव्हते. मग दुपारी तुम्ही निंबाला झोका बांधलात, स्वतः दोराला लोंबकळून बघितलंत, मला बसवलंत. झोका वर गेला आणि मी घाबरून पाय घासत थांबवायला लागले, तेव्हा ओरडलात, "बसली तं मंग बोंबल! पन मधी उतरू नको!" आणि तुम्ही पत्ते कुटायला निघून गेलात. म्हणजे वाटणी ठरली. घागर पोराची, झोका पोरीचा. मी ती वाटणी आयुष्यभर पाळली. ज्याच्या वाट्याला घागर आली, त्याला ती हातातल्या सामानात जड होत होती.

सामानात ती शेवटी मीच नेली. धुळ्याच्या कुंभाराकडून लहानशी घागर घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर धरून कोलकात्यापर्यंत रेल्वेने नेली. विमानतळावर तपासणाऱ्या बाईने ती उलटीपालटी करून बघितली. "इसमें क्या है?" मी म्हटलं, "अभी कुछ नहीं है, वही तो चिंता है." तुमचे जावई मागून कुजबुजले, "उगी ऱ्हाय ना, आत टाकतीन." डांगरही बरोबर होतं. हॉटेलच्या गार खोलीत त्या डांगराचा वास असा भरला की चादरी बदलायला आलेला माणूस दारातच थांबला.

बेट सुंदर आहे, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. पाणी असं की खालचे दगड मोजावेत. तुम्हाला मात्र आवडलं नसतं. एवढं पाणी आणि एक बागायत होत नाही म्हटल्यावर तुम्ही समुद्राला नालायक ठरवून मोकळे झाला असता. तुमच्या जावयांनी पहिल्याच दिवशी ओंजळभर तोंडात घेऊन थुंकलं आणि निकाल दिला, "पानी बठ्ठं खारं शे." त्यानंतर ते खुर्ची टाकून, घरून आणलेले शेव-मुरमुरे मांडीवर घेऊन जे बसले ते जेवायलाच उठले. तुमच्या मुलाच्या अंगात मात्र साहस संचारलं. काचेच्या तळाची नाव झाली, नळी तोंडात धरून मासे बघणं झालं, खारफुटीतून होडी वल्हवणं झालं. पन्नाशीला टेकलेला माणूस, फुलाफुलांची चड्डी. वहिनी प्रत्येक ठिकाणी काठावर उभी राहून त्याचे फोटो काढते आणि मला म्हणते, "अक्का, त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं." मी म्हटलं, मी पाहिलंय. दर वेळी माझं काहीतरी बुडालंय.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला बजावलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत घागर भरायची, तोवर मी काही खाणार नाही. तो म्हणाला, हो. सकाळी उठून बघते तर हा चड्डी घालून तयार. पलीकडच्या लहान बेटावर जायची होडी ठरलेली होती, "जायचं आन् यायचं, अकराच्या होडीने परत." मी उपाशी पोटी, तोंडाने जमेल तेवढं बोलत, त्याच्या मागे, आणि माझ्या मागे तुमचे जावई. वहिनीचे गुडघे दुखत होते, ती हॉटेलातच थांबली.

त्या बेटावर काय होतं सांगू? केळं. लांबलचक, पिवळं, हवा भरलेलं रबराचं केळं, पाण्यावर तरंगत होतं. त्यावर घोड्यासारखं टांग टाकून बसायचं आणि पुढून यंत्राची होडी दोराने ओढत नेणार. आबा, ज्या माणसाचा जन्म केळीच्या बागेत गेला, खोड कापता कापता ज्याचे सगळे सदरे चिकाने डागले, करप्याने आणि वादळाने ज्याची झोप उडवली, तो माणूस बागेपासून इतक्या लांब येऊन रबराच्या केळावर बसायला रांगेत उभा होता. मी म्हटलं, "घरी कमी होती का?" तो म्हणाला, "घरची आपल्यावर बसतात अक्का. एकदा आपन बसून पाहू."

मी त्याच्या चपला उचलून सावलीत ठेवल्या.

पण केळावर पाच माणसं लागत होती आणि होते चार. शिट्टी गळ्यात अडकवलेला होडीवाला म्हणाला, "बैलेंस नहीं बनेगा. आंटी, आ जाओ." मी नाही म्हटलं. अजून कुणी येईपर्यंत थांबावं लागेल, तो म्हणाला. तिकडे ऊन चढत चाललं होतं. तुमचा मुलगा म्हणाला, "बैस ना, म्हंजे लवकर सुटू. एक फेरी, आन् सरळ घागर." जावयांकडे बघितलं तर ते मुरमुऱ्यांची पिशवी छातीशी धरून म्हणाले, "मनं काम नई शे ते. तुना भाऊ, तू जाय." म्हणजे तुमची घागर वेळेत भरावी म्हणून मी, पन्नाशी उलटलेली शिक्षिका, पंजाबी ड्रेसवर नारिंगी जाकीट चढवून त्या केळावर बसले. पुढे तुमचा मुलगा, मागे मी, माझ्या मागे कुठल्याशा गावची तीन पोरं, ती आधीच किंचाळत होती.

होडीने झटका दिला. काठ मागे गेला, केळं एका लाटेवरून उडून दुसरीवर आपटलं, आणि मी बोंबलले. पहिल्यांदा भीतीने. दुसऱ्या लाटेला कशाने ते मला सांगता येणार नाही. तोंडात खारट पाणी, केस सुटलेले, पोटात अन्नाचा कण नाही आणि मी जिवाच्या आकांताने ओरडतेय, "अजून! अजून!" ते मराठीत असल्यामुळे होडीवाल्याला कळलं नाही, पण शेवटच्या वळणावर सगळ्यांना पाण्यात पाडायचं हा त्याचा रिवाजच होता. त्याने होडी गरकन वळवली. केळं कलंडलं. आम्ही पाचही जण समुद्रात.

जाकीट असल्यामुळे मी बुचासारखी वर आले. पोरं हसत होती. तुमचा मुलगा माझ्यापासून दोन हातांवर वर आला, डोळे पांढरे, हात वेडेवाकडे. विहिरीत पोहणारा माणूस, पण समुद्राने नाकातोंडात शिरून त्याला पार गोंधळवून टाकलं होतं. त्याने बायकोला हाक मारली नाही. आईला मारली नाही, देवाला नाही, मी समोर होते तर मलाही नाही. "आबाऽऽ!" म्हणून ओरडला. लाट डोक्यावरून गेली, वर आला, पुन्हा तेच, "ओ आबा!" लहानपणी ओढ्याला पूर आला की पलीकडच्या काठावरून तुम्हाला हाक मारायचा ना, तीच, त्याच आवाजात. मग होडीवाल्याने जाकिटाला धरून त्याला वर खेचलं. होडीत पडून खोकत राहिला, आणि श्वास लागल्यावर पहिलं वाक्य बोलला, "मोबाईल दाजीकडेच हाय ना?"

काठावर त्याला उलटी झाली. सावलीत झोपवावं लागलं. अकराची होडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. पुढची मिळाली तेव्हा सूर्य डोक्यावरून उतरला होता. हॉटेलात घागर टेबलावर कोरडी, डांगर शेजारी. मी म्हटलं, आता? तो म्हणाला, "टळून गेलं ना आता. पुढच्या वर्षी दोन भरू." आणि भात मागवून जेवला. मी रागाने जेवले नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत. नळ चार पावलांवर होता. घागर उचलून मी तिथवर गेलेही. पण पोरीने भरलेली पोचत नाही म्हणता तुम्ही, तर उगाच पाणी कशाला सांडायचं? तशीच टॉवेलात गुंडाळली. राहा म्हटलं तहानलेले, तुमच्याच नियमाने.

घरी आल्यापासून हा किस्सा मी धुळ्यात आणि माहेरी मिळून भेटेल त्याला सांगितला आहे. शाळेत, लग्नांत, भाजीवालीलासुद्धा. रबरी केळं आलं की लोक हसतात, कोरडी घागर आली की हळहळतात. "आजकालचे पोरं!" म्हणतात, तो पन्नाशीचा आहे हे मी मध्ये आणत नाही. त्याच्या कानावर गेलं आहे. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "अक्का, गावात मले काय बाप इसरेल मानूस करून ठेवलं तू?" मी म्हटलं, "खोटं सांगितलं का काही?"  या वेळी तो हसला नाही.

खोटं मी काहीच सांगितलेलं नाही, आबा. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुम्हाला सांगते. केळं कलंडल्यावर तो पडला, इथवर मी सगळ्यांना सांगते आणि मग एकदम हॉटेलात येते. पाण्यात त्याने कुणाला हाक मारली, ते ओळखणारी मी एकटीच होते. त्यालाही आठवत नाही, आणि मी अजून सांगितलेलं नाही.