चाकांवरची खोली

१५ नोव्हेंबर

दीपकने चाकांवरची खोली घेतली! मोटारीच्या मागे हुकाला जोडून ओढायची. जुनी आहे, पण पत्रा घट्ट. वडाळ्याला मित्राच्या ट्रकांच्या आवारात ठेवलीय – डिलाईल रोडच्या आमच्या गल्लीत ती वळणारच नाही. जत्रेला गावी नेणार म्हणतो. "मी नि कौसल्या जाऊ. आई, तुला नाही झेपायचं."

बघू! गावचं घर पावसात बसलं, तेव्हापासून दीर भिवा फोनवर एकच विचारतो, "वयनी, येतलंस, पण रवतलंस खंय?" राहायचं कुठे, हाच प्रश्न होता. मला गावी जायचंय. जायचंय म्हणजे राहायचंय. कायमचं. लेकाला नाही बोलले, सुनेलाही नाही. ही रोजनिशी मी बोलते, मोबाइल लिहितो. लिहिलेलं मलाही वाचता येत नाही, चोरी पकडणार कोण!

१७ नोव्हेंबर

शेजारचे शामराव – "काकी, खोली घेतलीत म्हणे! कुठे?"
"मनात येईल तिथे!"

२३ नोव्हेंबर

वडाळ्याला जाऊन बघितली. दार कमरेएवढं उंच. दीपक खूश – "बघ, सांगितलं होतं ना?" रंगीत दिव्यांची माळ आणलीय, घडीच्या खुर्च्या आणल्यात. पायरी नाही, संडास नाही! हौस बघा. म्हटलं, आधी पायरी आण, धरायला दांडा असलेली.

३० नोव्हेंबर

पायरी आली. दांडा धरला आणि चढले – सुनेच्या आधी! संडासही आला, खालची टाकी ओढून रिकामी करायची. जन्मभर चाळीत रांग लावली, आता अंथरुणाला लागून! कौसल्याने नाक धरलं. "शी! आई, इतका जवळ?"
"माझ्या वयाला हाही लांबच गो!"

७ डिसेंबर

आत पहिला घावणा घातला. तव्यावरचं पीठ सगळं एका अंगाला पळालं.
"दीपक, तुझी खोली कललीय."
"काहीतरीच!"
त्याने सपाटी बघायची पाणसळ ठेवली. बुडबुडा माझ्या बाजूने! मग चाकांखाली फळ्या सरकवल्या, पुढेमागे ठोकळे लावले. पुढचा घावणा गरगरीत गोल. दीपकने चार खाल्ले. हात धुताना म्हणाला, "चल बाई, ये तूही."

जिंकले!!

१४ डिसेंबर

गावी पोचलो. खोली आमच्या जोत्याशेजारी उभी केली, उन्हात – नाहीतर छतावरची सौर पाटी काय कामाची? भिवाने विहिरीच्या पंपाला लांब नळी जोडून पाण्याची टाकी भरली. दोनदा फेरी मारून बघितलं. "वयनी, घर वांगडाक घेऊन इलंस?"
इलंय तर, सोबत घर घेऊनच!

१७ डिसेंबर

जत्रा झाली. दीपक ठोकळे काढायला वाकला.
"नको काढू."
"आई, उद्या निघायचंय."
"निघा की! कोण अडवतंय?"
बघतच राहिला. "एकटी? इथे?" भिवा हाकेवर आहे, म्हटलं. चिडला, ओरडला. माझ्या गुडघ्यांचा विषय काढला, दवाखान्याचा काढला. कौसल्या भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, मघाशीच त्यांनी राहायच्या तयारीने डबे मांडलेत. बघितले नाहीत तुम्ही?"
पाना हातात घेऊन पायरीवर बसलाय.

१८ डिसेंबर

मोटार मुंबईला गेली. मागचा हूक मोकळा!