"पोरानं केलंय" म्हणालात तेव्हा

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वरव्याजवळच्या त्या कंपनीचं फाटक दिसलं की माझं डोकं फिरतं. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. त्यांना प्रदर्शनात वाटायला ब्रोशर हवं होतं आणि तुम्ही हो म्हणून बसला होतात. आपल्या भोरच्या छापखान्यात तोवर लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं सोडून दुसरं काही झालं नव्हतं. मी नुकतीच कॉम्प्युटरवर काम शिकले होते. एसटीने जाऊन कंपनीतल्या कामगारांना विचारलं, हा भाग कशात बसतो, तो झिजला तर काय बिघडतं. मालकांना फक्त स्वतःचा मोठा फोटो आणि वर गणपती हवा होता. त्यांची समजूत काढता येत होती, तुमची काढणं अवघड. तुम्हाला चारी बाजूंनी वेलबुट्टी हवी होती. मी फोटोभोवती जागा मोकळी सोडली तर म्हणालात, "लोकं म्हंतील, शाई संपली का काय ह्यांची." मी हसले होते. आज मी गिऱ्हाइकांना तुमचं हे वाक्य सांगते, तेही हसतात.

ब्रोशर द्यायला आपण दोघं गेलो. प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या साहेबांनी, ज्यांनी मला आधी पाहिलं नव्हतं, ते उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा पहिलं पान काढलं आणि विचारलं, हे केलं कोणी? मी तोंड उघडणार एवढ्यात तुम्ही म्हणालात, "पोरानं केलंय." दादा त्या वेळी चौकात कॅरम खेळत असेल. त्याला कॉम्प्युटर चालू कुठून करायचा तेही ठाऊक नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तर तुम्ही सांगितलंत, ही अशीच आलीये बरोबर. मी समोर बसून चहा पीत होते आप्पा. तो कप मी तसाच ठेवून उठायला हवं होतं.

एसटीत मी विचारलं, असं का केलंत. तुम्ही रागावला नाहीत, ओरडला असतात तर बरं झालं असतं. शांतपणे समजावलंत. "तू उद्या सासरी जाशील. गिऱ्हाइकानं कुणाकडं बघून यायचं? पोराचं नाव झालं तर दुकान चालंल. तुजं काय, तुला येतंयच की." मला येत होतं, म्हणून ते माझ्याकडून काढून ज्याला येत नव्हतं त्याला द्यायचं. त्या दिवाळीत दादाला दुकानाची चावी मिळाली आणि मला साडी. साडी चांगली होती हेही सांगते, रंग निवडताना तुमची नजर कधी चुकली नाही.

पुढे मी कामथडीला आले, संसाराला लागले. भोरच्या दुकानात गिऱ्हाइकं येत, त्या कंपनीसारखं करून द्या म्हणत, आणि दादा ती कामं गुपचूप माझ्याकडे पाठवायचा. खाली छापलेलं नाव त्याचंच. तुम्ही माहेरपणाला न्यायला यायचात तेव्हा माझ्या स्क्रीनवर दुकानाचं काम दिसायचं. तुम्ही बघायचात आणि यंदा भात कसं आलंय ते विचारायचात. तुम्ही गेल्यावर दादाने मशीन भंगारात घातलं, गाळा मोबाईलवाल्याला दिला. ज्याचं नाव करायला माझं पुसलंत, त्याला नाव नकोच होतं, भाडं हवं होतं.

आता माझ्या घराच्या पुढच्या खोलीत माझंच काम चालतं. परवा वेल्ह्याच्या एका भातगिरणीचं ब्रोशर दिलं. त्यांना पुण्याच्या दुकानांत इंद्रायणी विकायचा आहे. काम ठरवताना मी कोऱ्या कागदाला घड्या घालून तो गिरणीवाल्या काकांच्या हातात दिला आणि गप्प बघत राहिले. तो माणूस कागद कुठून उघडतो, अंगठा कुठे ठेवतो ते आधी बघायचं आणि अंगठ्याखाली महत्त्वाचं काही येऊ द्यायचं नाही. पत्रिका छापतानाची तुमचीच ही रीत. मला मुद्दाम कधी शिकवली नाहीत. शाई कालवताना मी बघत असायचे.

परवा ब्रोशर द्यायला गेले तेव्हा पुण्याचे व्यापारी तिथेच बसलेले. त्यांनी विचारलं, कोणी केलंय? या प्रश्नाची वाट मी किती वर्षं पाहिली असेल. मी म्हणाले, "मी केलंय. सगळं मीच."

काका त्या व्यापाऱ्यांना म्हणाले, "भोरच्या आप्पांची लेक हाये ही. माज्या लग्नाची पत्रिका त्यांनीच छापल्याली. कोरा कागुद हातात दिला तवाच वळखलं म्या. आप्पांनी शिकवलंय, दुसरं काय."

मला नाही म्हणायचं होतं. मी म्हणाले, "व्हय."

घरी येईपर्यंत धुमसत होते. तुम्ही मेल्यावरसुद्धा माझं काम तुमच्याच नावावर गेलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही चष्म्याचं निमित्त करून ते दादाकडून वाचून घेतलं असतंत. इथे लिहून ठेवते एवढंच की काका 'आप्पांची लेक' म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. तुमच्या तोंडून हे एकदा, त्या साहेबांसमोर, ऐकायचं होतं.