धाकटीच्या हातचा दगड

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा काळ्या दगडाच्या पोकळीतले स्फटिक काढून धुण्याचा, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, कान मात्र शाबूत आहेत. दगडावर हातोडी टेकवली की आत पोकळी आहे की नाही, ते मी अजूनही सांगते. म्हणून खाणीवर मला ठोकताई म्हणतात, आणि ते मला आवडते.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. छताची गळतीही तिलाच.

२. खाणमालकाला माझे कानात घालायचे बोळे. "बाईमाणसाला दगडाचा आवाज काय कळणार?" असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पुढे त्याच्याच टाकाऊ ढिगातून मी चौदा पोकळ्या अखंड बाहेर काढल्या. त्याला एकही सापडली नाही, म्हणून तो खाणीलाच नावे ठेवतो. नाचता येईना, अंगण वाकडे.

३. धुण्याची खोली, ब्रश, टोच्या आणि दंतवैद्यांनी दिलेली बारीक हत्यारे धाकटीलाच. लोक विचारतील, जिला पस्तीस वर्षे दगडाला हात लावू दिला नाही, तिला? त्याचे उत्तर पुढच्या कलमात आहे.

४. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या वडिलांना एक पोकळी सापडली. आत गारगोटीचे पांढरे दाणे आणि मधोमध मुठीएवढा, मधाच्या रंगाचा एकच स्फटिक. संग्रहालयाची माणसे दुसऱ्या दिवशी तो पाहायला येणार होती. गंजाचे डाग काढायला तो ॲसिडच्या टबात ठेवला गेला. गारगोटीला ॲसिड चालते, मधाळ स्फटिकाला नाही; तो विरघळतो. आधी एक थेंब टाकून पाहावे, फेस आला तर थांबावे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. टब फसफसला आणि मधल्या स्फटिकाच्या जागी खळगा उरला.

वडिलांनी विचारले, "हे कुणी केलं?"

मी म्हणाले, "धाकटीने."

"ताई, मी तर खोलीत आलेसुद्धा नव्हते गं," एवढेच ती म्हणाली. वडील म्हणाले, "आजपासून हिच्या हातात दगड द्यायचा नाही." तेव्हापासून ती पुढच्या दुकानात कपाटे पुसते आणि माझ्या हातचे दगड विकते.

टबात तो दगड मी ठेवला होता. थेंब न टाकता. मला सगळे येते, या तोऱ्यात. याची मला लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

५. खिडकीखालचा कलिंगडाएवढा न फोडलेला दगड मी या मृत्युपत्रातून वगळते. अकरा वर्षे तो मी राखून ठेवला आहे. आत मोठी पोकळी आहे, हे माझे कान सांगतात. पण मेल्यावर खरे बोलण्याइतकी मी भित्री नाही. हा कागद आज संध्याकाळी धाकटीला वाचून दाखवीन आणि उद्या खाणीवरच्या सगळ्यांना. मग छिन्नी तिच्या हातात देईन. पहिला घाव कुठे घालायचा, ते तीच ठरवील. मी गप्प राहीन. भरीव निघाला तर चूक माझ्या कानांची. आत स्फटिक निघाले आणि कुणी विचारले, "हे कुणी केलं?" तर उत्तर मीच देईन, मोठ्याने.

धाकटीने.

आम्हा दोघांदेखत ठोकताईंनी हे वाचून सही केली:
दंतवैद्य (सही)
दगड वाहणाऱ्या ट्रकचा चालक (सही)

लिहून देणार: ठोकताई (सही)
ठिकाण: धुण्याची खोली
तारीख: ७ मार्च, दुपारी