एकच हाक

मंगळवार, दिवेलागण होऊन गेल्यावर

सासऱ्यांना, आबांना, दवाखान्यात न्यायला हे गाडी आणायला गेलेत. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.

परग्रहावरच्या गुराख्यांच्या त्या मालिकेचा नवा सीझन आज सुरू झाला. पहिल्याच भागात नवऱ्याची हाक ऐकून बायको दार उघडते, तर बाहेर त्याचं हेल्मेट घालून भलतंच काहीतरी उभं! नेमकी तेव्हाच आमच्या दाराबाहेरून हाक आली. "सुमन!" एकदाच. आवाज आबांचा.

तिन्हीसांजेला एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं, दुसरी हाक येईस्तोवर ओ द्यायची नाही, हे आबांनीच शिकवलेलं. एरवी मी हसते असल्या गोष्टींना. आज का नाही हसले? भाग संपेपर्यंत दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले.

दार उघडलं तर आबा पायरीवर, छाती धरून. म्हणाले, "बरं केलंस पोरी. दुसरी हाक माराया दमच ऱ्हायला न्हाई."

आता आतल्या खाटेवर आहेत. मघाशी मीच हाक मारली, "आबा!" ओ आली नाही. एका हाकेला ते ओ देतच नाहीत, ठाऊक आहे मला.

पण दुसरी हाक मारायची हिंमत होत नाही.