सातवा हिरवा

४ सप्टेंबर
आज वर्ग पेटला! पडद्यावर इंग्रजी शब्द, खाली चार रंगांची बटणं, बरोबर अर्थाचं दाबायचं. माझी सातवीची पोरं खुर्च्यांवर उभी! एरवी इंग्रजीच्या तासाला नुसते सुतकी चेहरे. वीस शब्द मीच बसून वेबसाइटवर भरलेत. आनंदानं जीव जागेवर नाही.

६ सप्टेंबर
तोच खेळ, तेच शब्द. बहुतेकांचे वीसपैकी अठरा!!

७ सप्टेंबर
मोठ्या बाईंपुढे फुशारकी मारून बसले. त्या म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी येते बघायला. जमलं तर संगणकाची खोली वर्षभर तुमची. नाहीतर गणिताचे सर केव्हाचे मागतायत." सर चहा ढवळत नुसते हसले. त्या माणसाचं हसणं डोक्यात जातं.
मला ती खोली हवी. हवीच.

११ सप्टेंबर
सगळी टोपणनावानं खेळतात – वाघ, रॉकेट, राजा. एकीनं घेतलंय गोगलगाय! खेळतेही तशीच. शब्द आला की आधी वहीत उतरवणार, ओठ हलवणार, मग बटण. तोवर वेळ संपलेली. यादीत कायम तळाशी. आज खेकसलेच, "अगं, दाब की!" ती काहीतरी सांगायला उठली. "नंतर," म्हटलं. नंतर विसरले.

१३ सप्टेंबर
उद्या! दोनदा डबा विसरून निघाले. हे म्हणाले, "परीक्षा तुझी आहे की पोरांची?"
गोगलगायीला उद्या खेळवणार नाही. हजेरीपत्रक देऊन माझ्या टेबलाशी बसवते. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तरी वाईट वाटतंय.

१४ सप्टेंबर
तोंडावर आपटले.
खेळ झोकात झाला, जवळजवळ सगळ्यांचे वीसपैकी वीस! मग मोठ्या बाईंनी खडू उचलला आणि तेच शब्द मागेपुढे करून फळ्यावर लिहिले. "सांगा अर्थ." वाघानं विचारलं, "बाई, हा कितवा प्रश्न?" रॉकेट कुजबुजला, "सातवा. सातवा हिरवा."
पोरांनी शब्द नाही, रंग पाठ केले होते! क्रम उलटसुलट करायची एक खूण त्या वेबसाइटवर असते, ती मी लावलीच नव्हती. रोज तोच प्रश्न, तेच बटण. कुणाला बोल लावू? चूक माझीच.
तेवढ्यात माझ्या टेबलापासून एक हात वर. गोगलगाय! वीसच्या वीस अर्थ सांगितले, जराही घाई न करता. मोठ्या बाईंनी मला विचारलं, "ही का खेळत नव्हती?"
"मीच बसवलं तिला," म्हटलं. मान खाली घातली.
खोली सरांना गेली. शिक्षकखोलीत ते म्हणाले, "गोगलगाय नि पोटात पाय, बघा!" आज त्यांचा रागही आला नाही.

१५ सप्टेंबर
गोगलगायीची माफी मागितली. विचारलं, मंगळवारी काय सांगायचं होतं तुला?
"उत्तरं रोज त्याच जागी येतात, हेच. सगळ्यांनाच माहीत होतं, बाई. पण तुम्ही पहिल्यांदाच आमच्यावर खूश होतात. म्हणून नंतर सगळे म्हणाले, सांगू नको."