मामांच्या ग्रामोफोनची नवी स्प्रिंग

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा नमस्कार. तब्येत कशी आहे? डोळ्याच्या ऑपरेशनपासून तुमची पत्रं मामी वाचून दाखवते असं कळलं. बरं झालं, तेवढाच तिच्या आवाजाला व्यायाम. इकडे छत सोडून सगळे बरे आहेत. छताचं पुढे येईलच.

ग्रामोफोन पोचला आणि त्यासोबतची चिठ्ठीही. (ओळी चढावर गेल्या होत्या, म्हणजे मामीला न सांगता स्वतःच लिहिलीत.) तक्रार समजली. गाणं अर्ध्यात रेंगाळतं, तुम्हाला उठून चावी द्यावी लागते, मग आरामखुर्चीपर्यंत परत जायचा कंटाळा येतो, म्हणून ग्रामोफोनशेजारी मामी बसते त्या बाकावर टेकावं लागतं, आणि त्या बाकाला पाठ नाही. सबब, जास्त लांबीची नवी स्प्रिंग बसवावी. हे हाल तुम्ही पस्तीस वर्षं सोसलेत, धन्य आहे तुमची.

आता कामाचं. ही स्प्रिंग म्हणजे गोल डबीत गुंडाळून कोंडलेली पोलादी पट्टी. बाहेर काढताना दोन्ही हात आणि सगळं लक्ष तिच्यावरच ठेवायचं, हे मी बाबांच्या हाताखाली शिकले (आणि ते गेल्यापासून दुकानात गिऱ्हाइकांना हेच ऐकवत असते). नेमके तेव्हाच आमचे हे आत आले, "माझा चष्मा कुठे आहे?" असं विचारायला. तो त्यांच्या कपाळावर होता. मी वर पाहिलं आणि पट्टी सुटली. पस्तीस वर्षांचं काळं ग्रीस छतावर, इस्त्रीच्या तीन शर्टांवर आणि चष्म्यावर उडालं. चष्मा कुठे आहे ते त्यांना तेव्हा कळलं.

मग नवी स्प्रिंग बसवली. चावी फिरवली तर ती नुसतीच गरगर फिरे, धरेचना. दीड दिवस मी यंत्राचा दाता न् दाता तपासला, तुमच्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी हे म्हणाले, "उलटी तर नाही ना बसवलीस?" ते उशीच्या अभ्र्यापासून प्रत्येक गोष्टीबद्दल हेच विचारतात. यावेळी खरंच उलटी होती. तेव्हापासून ते घरात छाती काढून हिंडताहेत.

तर तात्पर्य असं, की नवी स्प्रिंग तुमच्या डबीला काही मानवली नाही. का, ते विचारू नका, तांत्रिक आहे. जुनीच धुऊनपुसून, ग्रीस लावून परत घातली आहे. गाणं पूर्वीसारखंच दुसऱ्या कडव्यात दमेल आणि तुम्हाला उठावं लागेल. नाहीतरी डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

तुमची भाची

ता. क. चावी जड लागली की थांबा. जोर दाखवू नका.

ता. क. दुसरा. मामी, हे मनातल्या मनात वाच. नवी स्प्रिंग छान बसली होती. एका चावीत दोन गाणी सलग वाजली, मी तर खुशीत होते. मग शेवटचा हात फिरवायला डबी पुन्हा उघडली आणि झाकणाच्या आतलं जुनं ग्रीस पुसलं. आम्ही कारागीर पुढच्या कारागिरासाठी तिथे काय काम केलं ते सुईनं कोरून ठेवतो. बाबांचं अक्षर निघालं. "वहिनींच्या सांगण्यावरून पट्टी दोन हात कापली. मेहुणे आता गाण्यात एकदा तरी उठतील आणि बाकावर बसतील. त्यांना सांगू नये." मला रडू आलं गं. बाबांनी हे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. लगेच नवी स्प्रिंग काढली, जुनी घातली आणि बाबांच्या ओळीखाली कोरलं, "तशीच ठेवली. मुलगी."

आता पुन्हा मोठ्यानं वाच. मामा, सोबत एक उशी पाठवली आहे. बाकावर पाठीशी घ्या.